खोडलेली एक चाल

बाबा, तुमच्या बुद्धिबळाच्या वह्या मी कॉम्प्युटरवर चढवते आहे. मुलुंडच्या घरी कपाटावर होत्या, आईने काढून दिल्या. तुम्ही घोड्याला 'घो', वजिराला 'व' लिहायचात; प्रोग्रामला ते कळत नाही, म्हणून आधी एक छोटी स्क्रिप्ट लिहावी लागली. सहा वह्यांत एकही घर चुकलेलं नाही. विक्रोळीच्या कारखान्यात तुम्ही पत्रा कापण्याआधी रेघ मारायचात, तसंच इथे: आधी चाल लिहायची, मग सोंगटीला हात लावायचा. स्पर्धेत हल्ली हे चालत नाही. पण तुमचा नियम पक्का होता. लिहिलं की खेळायचं, खोडायचं नाही.

खोडलेली चाल सगळ्या वह्यांत एकच आहे, आणि ती मी तुम्हाला हरवलेल्या एकमेव डावात. रविवारची दुपार, मी अकरा वर्षांची, पट स्वयंपाकघरात जमिनीवर मांडलेला. तुम्ही चाल लिहिता, बराच वेळ पटाकडे बघत बसता, मग लिहिलेल्यावर रेघ ओढता आणि दुसरंच खेळता. तासाभराने हरता. मी मजलाभर सांगत फिरले. दादा म्हणाला, "सोडलं गं तुला बाबांनी, मुद्दाम जिंकू दिलं. एवढं पण कळत नाही?" मी तुम्हाला विचारलं, तर वही मिटत तुम्ही म्हणालात, "लिहिलंय सगळं. वाचायला शिक." ते मला झोंबलं. पुन्हा विचारलं नाही. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली, आणि एवढा काळ मी दादाचंच खरं धरून चालले.

काल तो डाव आला. रेघेखालचं अजून वाचता येतं: वजिराने माझं कोपऱ्यातलं प्यादं मारायचं. फुकटचं प्यादं. मला वाटलं, हीच ती माझ्यासाठी सोडलेली चाल. तपासायला कॉम्प्युटरला दिली. त्याने माझा घोडा मागे नेला, अगदी शेवटच्या रांगेत, आणि तुमचा वजीर कोपऱ्यात अडकला. सुटायला एकही घर नाही. म्हणजे तुम्ही मला सोडलं नव्हतं. मी घोडा मागे घेणार हे धरून तुम्ही बेत बदललात, आणि खरोखर हरलात. दादाला कळवलं. "बरं बाई, जिंकलीस," असं त्याचं उत्तर आलं.

एक गोष्ट त्याला कळवली नाही. इथे लिहिते, कारण हे कुठे जायचं नाही. तो घोडा मला तेव्हा दिसलाच नव्हता. तुम्ही प्यादं मारलं असतंत, तर मी हरले असते.