बजेट म्हणजे पिशवी

बुधवार, कामठा

आज पुन्हा तोच शब्द. सासूबाईंना कानाचं यंत्र घेऊ म्हटलं की ह्यांचं ठरलेलं उत्तर, “बजेट नाही.” स्वतःचा नवा मोबाइल आला, तेव्हा हेच बजेट कुठून आलं होतं?

शाळेत इंग्रजी शिकवते मी. चिडून मधल्या सुट्टीत शब्दकोशच उघडला. मूळ जुन्या फ्रेंचमधलं, अर्थ चामड्याची छोटी पिशवी. पुढे इंग्लंडात मंत्री हिशेब मांडायला उभा राहिला, की त्याने पिशवी उघडली असं म्हणायचे. उघडली. बंद ठेवली नव्हे.

जेवताना ह्यांना सांगितलं, “बजेट म्हणजे पिशवी. आधी उघडा तरी.”

“घरी कायले इंग्रजी शिकवून राहिली मले?” मान वर न करताच म्हणाले.

कशाला सांगायला गेले मी? पिशवीचा अर्थ कळून यंत्र थोडंच येणार होतं?

सासूबाई समोरच बसल्या होत्या. आमचं एक अक्षर त्यांना ऐकू आलं नव्हतं. आमच्याकडे पाहून त्या हसल्या आणि माशाचा मोठा तुकडा त्यांनी आपल्या मुलाच्या ताटात वाढला.

शनिवारी मीच त्यांना यंत्रासाठी गोंदियाला नेते. ह्यांना आता विचारणार नाही.