डाव्या पायाचं चिलखत

किल्डन,
१२ फेब्रुवारी १९९४

प्रिय स्ट्रुअन,
स. न. वि. वि.

नाताळातल्या तुझ्या कार्डाला उत्तर द्यायला फेब्रुवारी उजाडला, याची आधी माफी मागते. आळस नव्हता. लिहायला बसले की सगळं पत्र पायाबद्दलच व्हायचं, म्हणून फाडून टाकायचे. शेवटी ठरवलं, की पायाबद्दलच लिहू आणि मोकळं होऊ.

तुला ठाऊक आहे ते थोडक्यात: पोटरीवरचा तो काळा डाग कापून काढला, त्याबरोबर जांघेतल्या गाठीही काढल्या, आणि तेव्हापासून डाव्या पायात उतरलेलं पाणी वर यायला तयार नसतं. दिवसभर घट्ट मोजा घालून त्याला दाबून ठेवावं लागतं. तुला ठाऊक नाही ते असं: नोव्हेंबरात परसातल्या गूजबेरीच्या झुडपाचा काटा लागला. दिसतही नव्हता इतका बारीक. दुसऱ्या दिवशी पाय लालबुंद, अंगात ताप, आणि मी शहरातल्या दवाखान्यात सलाईनवर. तुला कळवू नका असं बाबांना मीच बजावलं होतं, त्यांच्यावर रागावू नकोस. डॉ. हेस म्हणाल्या, की असं आणखी दोन-चार वेळा झालं तर पायाचा कायमचा खांब होईल, आणि विष रक्तात गेलं तर खांबही उरणार नाही. तेव्हा ओरखडा नको, टोचणं नको, खरचटणं नको. बागकाम बंद, मांजर शेजाऱ्यांना द्या. शिकारीचं नाव त्यांनी घेतलंच नाही. चव्वेचाळीस वर्षांची भूगोलाची बाई बंदूक घेऊन डोंगरात जात असेल हे त्यांच्या डोक्यातच आलं नसावं.

मी जाणार आहे. एप्रिलमध्ये नर हरणं माजावर येऊन ओरडायला लागली, की ऑरी नदीच्या वरच्या खोऱ्यात, आपल्या नेहमीच्या झोपडीवर. दोन वर्षं चुकली, तिसरं चुकवणार नाही.

म्हणून सध्या माझा अभ्यास चालू आहे तो गेटरचा, म्हणजे बुटापासून गुडघ्यापर्यंत बांधायच्या आवरणाचा. दुकानातले नायलॉनचे हलके आहेत, पण चालताना असे खसखसतात की हरणाला आधी पत्र पाठवून गेल्यासारखं. कातड्याचे मजबूत, पण एकदा नदीत भिजले की सकाळी लाकूड. कॅनव्हासचे ओले झाले की आवळतात, आणि माझ्या पायाला आणखी एक आवळणारा नको आहे. बाबांना विचारावं तर ते स्वतःच्या नडग्या दाखवतात. या खोऱ्यात पुरुष माणूस अर्ध्या चड्डीत डोंगर चढतो, आणि नडगीवरचे व्रण हीच त्याची पदकं. पाय झाकतो तो शहरातला पाहुणा, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, मला पाहुणीच समजा, फक्त परत येणारी.

तुमच्याकडे उसाच्या फडात माणसं पायांना काय बांधतात, ते बघून कळव. उपदेश नको, माहिती हवी.

लोभ असू दे, राग आला तरी.
तुझी,
रोना

---

इनिसफेल, क्वीन्सलँड,
२५ फेब्रुवारी १९९४

प्रिय रोना,
अ. आ.

तू माहिती मागितलीस, उपदेश नको म्हणालीस. थोरला भाऊ आहे, दोन्ही एकाच पाकिटात येतं.

तुझं डोकं फिरलंय. गूजबेरीच्या काट्यानं जी बाई सलाईनवर जाते, ती भालेगवतात शिरायला निघाली आहे! तुझ्या लक्षात नसेल तर आठवण करून देतो: त्या गवताचं एकेक पान म्हणजे दाभण असतं, मेंढ्यासुद्धा त्याला वळसा घालतात. त्यात मटागोरीची काटेरी झुडपं, त्यात नदी. मांस हवं असेल तर खाटकाला सांग, माझ्या नावावर मांड. डोंगर हवा असेल तर खिडकीतून दिसतो.

पण तुला मी ओळखतो. लहानपणी तुला झाडावर चढू नको म्हटलं की तू छपरावर चढायचीस. म्हणून सोबत पार्सल पाठवतो आहे. इथे फडात सापांसाठी वापरतात ती ही आवरणं. आत कडक पत्रे आहेत, इथल्या सगळ्यात विषारी सापाचाही दात जात नाही. ती घाल आणि परसातल्या गूजबेरी तोड. त्यापुढे जाऊ नकोस.

बाबांना वेगळं लिहितो आहे. ते तुझ्या तालावर नाचतात, हे मला आवडत नाही.

जमिनीवर राहशील तेवढा लोभ वाढेल.
स्ट्रुअन

---

किल्डन,
१४ मार्च १९९४

प्रिय स्ट्रुअन,
स. न. वि. वि.

पार्सल पोचलं. मनापासून आभार, आणि मनापासून सांगते, की या देशात साप नाहीत हे तू विसरलास यावरून तुला घर सोडून किती वर्षं झाली ते कळतं. इथे आहे ती नदी. तुझी आवरणं घालून मी पुलाखालच्या उथळ पाण्यात उतरले. पाणी वरून आत शिरलं आणि बाहेर पडायची वाटच सापडली नाही त्याला. दोन्ही पायांना भरलेल्या बादल्या बांधल्यासारखं झालं, आणि मी प्रवाहाच्या मधोमध बसकण मारली. बाबा काठावरून म्हणाले, की आता निदान साप तरी चावणार नाही. सध्या ते तुझी आवरणं हाताला चढवून गूजबेरी तोडतात आणि तुला दुवा देतात.

मग मी पद्धतशीर लागले. फ्रीझरमधली मेंढीची तंगडी काढली, मऊ पडू दिली, आणि तिला एकेक कापड गुंडाळून वरून भालेगवताची पानं जोर लावून टोचली. कापड सोडायचं, मांसावर भोकं शोधायची, पुढचं कापड. नायलॉनमधून पान असं गेलं जसं लोण्यात. कॅनव्हास नवा होता तोवर टिकला, ओला केल्यावर नाही. मेणकापड आडवं पान अडवतं, उभं अडवत नाही. बाबा दारात उभे राहून म्हणाले, की जेवणाशी असं वागू नये. रविवारी तीच तंगडी भाजून पुदिन्याच्या चटणीबरोबर खाल्ली, आणि सगळ्यात जास्त त्यांनीच खाल्ली.

टिकली ती एकच गोष्ट: आग विझवायचा जुना पाइप. आपल्या गावच्या बंबवाल्यांनी टाकून दिलेला एक तुकडा त्यांच्यातल्याच आल्फने दिला. देताना विचारलं, की पायाला नळही बसवून देऊ का. घट्ट विणलेला असतो तो, उभा चिरला की पट्टी मिळते. त्यावर गवताचं टोक वाकलं, आत गेलं नाही. पण पाइप कडक आणि उघडा घासला तर आवाज करतो. म्हणून त्याच्या उभ्या पट्ट्या करून जुन्या लोकरी घोंगडीच्या दोन थरांत शिवल्या. बाहेर लोकर, म्हणजे आवाज नाही. पट्ट्यांत फट, म्हणजे पाणी खाली गळून जातं. गुडघ्यावर वेगळी टोपी. दोऱ्या बाजूला, कमी-जास्त करता येतील अशा, कारण संध्याकाळी पाय फुगतो.

शिवताना स्वतःला प्रश्न विचारत होते. हा हट्ट तर नाही? नाही म्हणवत नाही. मांस खाटकाकडे मिळतं, तुझं बरोबर आहे. पण सकाळी उठल्यापासून काय करायचं, कुठे बसायचं, कोणत्या फुलाजवळ जायचं नाही, हे सगळं दोन वर्षं हा पाय ठरवतो आहे. मला एकदा त्याला कुठे जायचं ते सांगायचं आहे. एवढ्यासाठी पाय पणाला लावणं शहाणपणाचं आहे का, ते मला माहीत नाही. पण पणाला लागतो आहे तो माझा पाय आहे, तुझा नाही, आणि बाबांचाही नाही.

आता दुसरी गोष्ट. काल बंदूक साफ करायला काढली, तर गोळी आत ढकलणारा तिचा बोल्ट जागेवर नाही. बोल्ट नाही म्हणजे बंदूक ही नुसती काठी. बाबा म्हणाले, की असेल कुठेतरी. त्यांना खोटं बोलता येत नाही, म्हणून ते मेंढ्यांकडे निघून गेले. तुला काही माहीत असेल तर लिही. मी शोधणार नाही. शिवत बसणार आहे.

लोभ ठेव. बोल्ट ठेवू नकोस.
रोना

---

किल्डन,
२३ मार्च

चि. स्ट्रुअन,
अ. आ.

मी पत्रं लिहीत नाही, तुला माहीत आहे. तेव्हा एकदाच वाच.

तू सांगितलंस म्हणून मी बोल्ट काढला आणि मेंढ्यांच्या औषधाच्या कपाटात ठेवला. वाटलं, ती भांडेल. भांडली असती तर मी जिंकलो असतो. पण ती रोज शाळेतून यायची, टेबलापाशी बसायची आणि शिवायची. सुया मोडायची, नव्या घ्यायची. मला चहा करून द्यायची, तोही साखर घालून. मला त्या घरात बसवेना.

काल ती शाळेत गेल्यावर मी तिचं डाव्या पायाचं ते पाइपाचं काम उचललं आणि माझ्या पायाला बांधलं. उजवा तसाच, नेहमीसारखा उघडा. लोकर कातरायच्या शेडमागे भालेगवताचा मोठा गड्डा आहे, तुझा लहानपणी चेंडू त्यात गेला की तू तो सोडून द्यायचास. त्याच्यात मी गुडघे टेकले. दोन्ही. जन्मात कधी टेकले नव्हते. शहाऐंशी किलोचा माणूस आहे मी, सगळा भार टाकला.

उजव्या पायानं काय सांगितलं ते इथे लिहिता येत नाही. अजून एक टोक आत आहे, ते रोनाच काढेल. डाव्याला काही कळलंच नाही. बांधलेलं सोडून चष्मा लावून पाहिलं. एक खूण नाही.

संध्याकाळी बोल्ट तिच्या कपाशेजारी ठेवला. तिनं आधी माझ्या उजव्या पायाकडे पाहिलं, मग बोल्टकडे, आणि म्हणाली, की बाबा, तुम्ही मेंढीच्या तंगडीपेक्षा बरे निघालात. मी तिच्याबरोबर झोपडीपर्यंत जातो आहे. शेगडी सांभाळीन.

पुन्हा मला असलं काम सांगू नकोस. मी तिचा बाप आहे, पहारेकरी नाही.

डूगल

---

इनिसफेल,
२ एप्रिल १९९४

प्रिय रोना,
अ. आ.

बाबांचं पत्र आलं. त्यांच्या हाताचं इतकं लांब पत्र मी आयुष्यात पाहिलं नव्हतं, म्हणून दोनदा वाचलं. बोल्टचं माझंच काम होतं. सांगायला नको, तुला कळलंच होतं.

जा. मी हो म्हणत नाही, पण आड येणंही सोडलं. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या खिशात ठेव, पिशवीत नको, पिशवी वाहून जाते. ताप वाटला की त्याच क्षणी मागे फिर. आणि मला एक वचन दे, की हे शेवटचं. एवढं मागायचा हक्क थोरल्याला असतो.

तुझ्या पत्राची वाट बघतो. लोभ आहे, भीती त्याहून जास्त आहे.
स्ट्रुअन

---

किल्डन,
१९ एप्रिल १९९४

प्रिय स्ट्रुअन,
स. न. वि. वि.

पाय आहे. तू तेच आधी शोधशील, म्हणून पहिल्या ओळीत लिहिलं.

झोपडीपर्यंत नदी किती वेळा ओलांडली ते मोजलं नाही. दर वेळी काठावर चढलं की पट्ट्यांतून पाणी गळून जायचं आणि पाय पुन्हा पायासारखा व्हायचा. वाटेत आल्फ आणि त्याचे दोस्त उतरताना भेटले, सगळे अर्ध्या चड्डीत, सगळ्यांच्या नडग्या रक्ताळलेल्या. आल्फ म्हणाला, की आग लागली तर हाक मार. वर एक मोठा नर ओरडतो आहे, पण त्याच्यापर्यंत पोचता येत नाही, असंही त्यानंच सांगितलं. तो ज्या कुरणात आहे त्याच्या खाली घळभर भालेगवत आणि मटागोरी. वळसा घालून नदीकडून गेलं, की वारा पाठीवर येतो, माणसाचा वास आधी पोचतो आणि हरणं पसार. तीन दिवस त्यांनी तेच केलं होतं.

सकाळी मी घळीच्या तोंडाशी उभी राहिले आणि मला समजलं, की वळसा घालायचं मला काही कारणच नाही. वारा सरळ समोरून येत होता. मी आत शिरले.

स्ट्रुअन, खोटं सांगत नाही, सुरुवातीला मी दर पावलाला थांबून ऐकत होते. गवताची टोकं पट्ट्यांवर येऊन वाकत होती, ते मला आतून जाणवत होतं, जसं कुणी बोटानं टकटक करावं. प्रत्येक टकटकीला वाटायचं, ही आत आली. आली नाही. मग मी थांबून ऐकायचं सोडलं आणि चालायला लागले. लोकरीचा आवाज नाही. मधे मटागोरीत गुडघ्यांवर रांगत गेले. त्या घळीतून याआधी कुणी माणूस गेला असेल असं वाटत नाही.

वर डोकं काढलं तर मोठा नर इतका जवळ, की ओरडताना त्याच्या तोंडाची वाफ दिसत होती. बराच वेळ पाहिलं त्याला. मारलं ते बाजूला घुटमळणारं कोवळं जनावर, मला उचलता येईल आणि आम्हाला खाता येईल असं. मोठा नर तसाच आहे. आल्फला मी तेवढंच सांगणार आहे, की मी त्याला भेटून आले.

खरी मजा पुढे. बंदुकीचा आवाज ऐकून बाबा आले, आणि घळीच्या खालच्या तोंडाशी अडकले. त्यांना आत येता येईना, उघड्या पायांनी. मी जनावर सोलून, मांस पाठीवर घेऊन, दोन खेपांत खाली आणलं, आणि ते पलीकडे उभे राहून सूचना देत होते: डावीकडून ये, नाही, उजवीकडून, अगं सावकाश. दुसऱ्या खेपेला मी म्हटलं, की बाबा, पदकं घालून या ना आत. ते हसले नाहीत. उलट विचारलं, की आल्फकडे आणखी पाइप आहे का.

झोपडीत आरसा धरून पाय इंचाइंचानं पाहिला. सूज होती, नेहमीच्या मापाहून जास्त. पाय उंचावर ठेवून झोपले, तिसऱ्या दिवशी ती उतरली. टोचलेलं, ओरखडलेलं काही नाही. फक्त गुडघ्यामागे, जिथे वरची शिवण येते, तिथे चार बोटं रुंद लाल पट्टा उठला होता. कातडी फाटली नव्हती, पण आणखी एक खेप केली असती तर फाटली असती. काल डॉ. हेसना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, की त्या शिफारस करणार नाहीत, पण गेटर बघायला आणा.

तू वचन मागितलं आहेस, की हे शेवटचं. त्यावर मी प्रामाणिकपणे विचार केला, कारण तू भीतीपोटी मागतो आहेस आणि भीती खोटी नाही. मलाही आहे. तो लाल पट्टा दिसला तेव्हा मी आरसा दोनदा पुसून पाहिला. पण मला पहिल्यांदा जे सुचलं ते असं नव्हतं, की आता पुरे. म्हणून वचन देत नाही. तुला मला ओळखता येतं, तर हेही ओळखशील.

बाबांचा आशीर्वाद नाही, त्यांना तू अजून दोन आठवडे आवडणार नाहीस. माझा लोभ मात्र आहे तसाच, तुझाही राहो.

तुझी,
रोना

उद्याचं काम: डाव्या गेटरची गुडघ्यामागची शिवण उसवून तिथे मऊ लोकरीचा तुकडा लावणे.