डोंगरातल्या गाडीत घेतलेलं नाव

॥ श्री ॥
कुंडल, १४ फेब्रुवारी १९७२

चि. सौ. अंजना हिस, लीलाबाईचे अनेक आशीर्वाद.

सरहद्दीवर तोफगोळा जवळ फुटल्यापासून मानसिंग बोलत नाही, घशात दोष नाही असं डॉक्टर म्हणतात, आणि तुम्ही दोघं त्याला बघायला निघालात, हे वाचलं. पोरगा बोलेपर्यंत आपणही बोलायचं नाही, असा तू औंधच्या यमाईला शब्द दिलास, बरं केलंस. आता मोडू नकोस. लाला म्हणेल, बायको गप्प, प्रवास लय सुखाचा झाला. माझा भाऊ स्टेशन दिसलं की खाली उतरतो, तेवढं बघ.

तुझी नणंद,
लीलाबाई

॥ श्री ॥
पालमपूर, २४ फेब्रुवारी

ती. सौ. वन्संस, कृ. शि. सा. न. वि. वि.

पठाणकोटला मोठी गाडी सोडून डोंगरातल्या धाकट्या गाडीत बसलो. डबा आपल्या स्वयंपाकघराएवढा. खाली दरीत नदी, वर कृष्णेच्या घाटावर धोतरं वाळत टाकावीत तशी बर्फाची रांग. आपला सदाशिवगड तिथं कुणी डोंगरात धरणार नाही. बोलायचं नसल्यानं बघणं पुष्कळ झालं.

एका लहान स्टेशनावर तुमचे बंधू तांब्या घेऊन नळावर गेले. त्यांची पाठ गाडीकडं, आणि गाडी हलली. मी टाळ्या वाजवल्या, गजावर पेला आपटला. मग आवं म्हणून ओरडले, तर फलाटावरची चार माणसं वळली, हे वळेनात. शेवटी नाव घेऊन हाक मारली. लग्नातल्या उखाण्यानंतर बावीस वर्षांनी. पळत येऊन चढले. तांब्या नळावरच राहिला.

लगेच पुन्हा मौन धरलं, पण मोडलं ते मोडलं. मानसिंग इथल्या लष्करी दवाखान्यात आहे. आम्हांला ओळखतो, बोलत नाही. माझ्यामुळंच का, ते कळवावं.

आपली,
अंजना

॥ श्री ॥
कुंडल, ३ मार्च

चि. सौ. अंजना हिस, अनेक आशीर्वाद.

नवरा वाटेत टाकून पोराकडं गेली असतीस, तर यमाईनंच तुला विचारलं असतं. एक मंगळवार धर आणि सोडून दे. भर स्टेशनात लालासाहेब म्हणून ओरडलीस, हे मात्र मी कुंडलात कुणाला सांगितलेलं नाही. फक्त शेजारच्या धोंडुबाईला सांगितलं.

लीलाबाई

॥ श्री ॥
पालमपूर, १२ मार्च

ती. सौ. वन्संस, शि. सा. न.

काल तुमचं पत्र तुमच्या बंधूंनी मानसिंगच्या खाटेशी बसून मोठ्यानं वाचलं. स्टेशनाची ओळ आली आणि तो कुशीवर वळला. म्हणाला, "आये, आबांचं नाव घेतलंस व्हय?"

तुमच्या बंधूंनी चष्मा काढला. पत्र पुढं वाचलं नाही.

थोड्या वेळानं तो म्हणाला, "पुन्हा घे की."

घेतलं.

माया आहे ती अशीच राहू द्यावी.

अंजना