चंद्राकडे उणे चौदा टन

३ मार्च, सकाळ
वाचनालयाच्या विज्ञान मंडळाला अध्यक्ष हवा आहे. माझ्याशिवाय कोण? बी.एस्सी., फिजिक्स, फर्स्ट क्लास. म्हणजे मिळालाच असता. १६ तारखेला माझे भाषण: ‘सहाशे टनांचे रॉकेट चंद्राकडे किती वजन पाठवू शकते?’ त्यानंतर लगेच निवड. गणित स्वतः करणार. फोनला विचारणार नाही. सेक्रेटरींनी फळ्यावर विषय लिहिलासुद्धा.

४ मार्च
सूत्र आठवले. सोपे आहे. इंधन वाहायला इंधन लागते, ते वाहायला आणखी इंधन. आमच्या घरासारखेच. पाहुण्यांचे करायला कामवाली, कामवालीचे करायला मी. उद्या उत्तर.

६ मार्च
उत्तर नाही. ह्यांचा टीव्ही.

८ मार्च
आले. पूर्ण वेग येईपर्यंत इंधन जळून सहाशेपैकी सव्वीस टन उरतात. म्हणजे उत्तर सव्वीस. धाकट्या जाऊला मुद्दाम फोन केला. ती म्हणाली, छान हो ताई, पण त्यात रिकाम्या टाक्यांचं वजन धरलंत का? धरणारच होते.
टाक्या आणि इंजिने मिळून चाळीस टन. सव्विसातून चाळीस गेले. उणे चौदा.

९ मार्च
उणे आले म्हणून डगमगायचे कारण नाही. रॉकेट लहान पडले, एवढेच. दुप्पट केले.
उणे अठ्ठावीस.
तिप्पट करून पाहणार नाही.

११ मार्च, दुपार
जाऊ घरी आली. म्हणे, अहो ताई, टाकी रिकामी झाली की वाटेतच सोडून देतात. एक झाली की एक. सोडून देतात म्हणे. चांगली धडधाकट टाकी. मी आजवर बिस्किटांचा डबा टाकला नाही, औषधाची बाटली टाकली नाही. ती म्हणाली, म्हणून तर तुमच्या माळ्यावर उंदरालाही उभं राहायला जागा नाही. हे हसले. का हसलात विचारले, तर खोकला आला म्हणाले.
माझ्या रॉकेटमधून काहीही फेकले जाणार नाही. तिकडे गेल्यावर लागल्या तर?

१४ मार्च
काटकसर सुरू. माणूस पाठवायचा नाही, म्हणून खुर्ची काढली. बाहेरचा रंग काढला. उणे साडेतेरा. प्रगती आहे. ह्यांनी विचारले, अगं, उणे माल म्हणजे चंद्रावरूनच साडेतेरा टन इकडे आणायचे का? ह्यांचे शिक्षण कॉमर्स.
तरी कल्पना टिपून ठेवली आहे.

१६ मार्च, दुपार
निघते. निष्कर्ष पक्का: चंद्राकडे काहीही पाठवता येत नाही. ज्यांनी पाठवले, त्यांनी गणित न करता पाठवले.

१६ मार्च, संध्याकाळ
भाषण उत्तम झाले. निष्कर्ष ऐकून सभागृह अवाक. एक गृहस्थ तर डोळे मिटून ऐकत होते, त्यांना शेवटी हलवावे लागले. मग जाऊ उठली. म्हणाली, ताईंचं सूत्र अगदी बरोबर आहे, मी फक्त टाक्या सोडून बघते. तीन ओळी लिहिल्या. सुमारे सोळा टन. अधिक सोळा. टाळ्या तिला मिळाल्या, पण सूत्र माझे होते, म्हणजे निम्म्या माझ्याच. सेक्रेटरींनी विचारले, मॅडम, टाक्या न सोडण्यामागे काही शास्त्रीय कारण? मी म्हटले, संस्कार.
लगेच निवड झाली. अध्यक्ष जाऊ, एकमताने. मीही हात वर केला होता, प्रश्न विचारायला. तो मोजला गेला.
मंडळाने मला मात्र कायमची सल्लागार नेमले आहे. ठरावात लिहिले आहे, सल्ला मागितल्यावरच द्यावा.
मोठी जबाबदारी. कधी मागतील सांगता येत नाही. फोन चार्जिंगला लावून शेजारी बसले आहे.