आबांच्या रक्तातलं

बोस्टन

प्रिय अक्का,

नमस्कार. मी हृदयरोग संशोधन विभागाचा प्रमुख झालो. सावद्यात पेढे वाट.

फोनवर दोनदा सांगायला गेलो आणि हवापाण्याचं बोलून फोन ठेवला. म्हणून लिहून मोबाइलवर पाठवतोय. आबा केळीच्या बागेत कोसळून गेले तेव्हा सगळे ‘ऊन लागलं’ म्हणाले. ऊन नव्हतं गं. ज्या आनुवंशिक हृदयरोगावर मी काम करतो, तोच माझ्या रक्तात निघाला, आबांकडून आलेला; तुम्हा दोघींतही असू शकतो. मला औषधं सुरू आहेत, माझी काळजी करू नकोस.

पण दिपमाला पोलीस भरतीसाठी रोज पळते ना? आजपासून थांबव. दोघी जळगावला जाऊन हृदयाची तपासणी करा. ती भांडेल, “मामाला तिकडं बसून काय कळतं?” म्हणेल. म्हणू दे.

तिचा फोन लागत नाहीये. घरीच आहे ना ती?

तुझा घाबरलेला भाऊ,
जितेंद्र