चौथा स्क्रू

विसरवाडी, मंगळवार, दिवेलागणीला

दुकानाचं शटर, मागची पत्र्याची शेड, वेल्डिंगचं टेबल, घराचे सगळे दरवाजे, हिचा देव्हारा. सगळं याच हातांनी केलं, शिकवणारा कोणी नव्हता. आणि हिचा भाऊ म्हणतो, हे सोडा आणि म्हातारपणी व्हिएतनामला राहा.

"दाजी, तठे थोडा पैसामा राजासारखं ऱ्हाता येस."

मोबाइलवर तीन घरांचे फोटो दाखवले. तीन वेगळ्या गावांतली म्हणे. मी मोठे करून पाहिले. तिन्ही दारांच्या वरच्या बिजागरीला चौथा स्क्रू नाही, आणि रिकाम्या भोकाखाली गंजाचा तोच ओघळ. दाराचा रंग तेवढा निराळा.

ही म्हणाली, "तुमले समदामा खोटच दिसस. एकच सुतार व्हई."

असेल? एक सुतार तीच चूक तीनदा करेल, मान्य. पण गंज तीनदा सारखा ओघळेल का? माझेच दोन दरवाजे शेजारी शेजारी आहेत, त्यांचा गंजसुद्धा जुळत नाही.

मेव्हण्याला विचारलं, चौथा स्क्रू कुठं आहे? तो हसला. "घर देखा ना दाजी, स्क्रू काय देखतस?" आणि लगेच विचारलं, दुकानाचा सातबारा घरातच आहे ना?

हिला समुद्र बघायचा होता. कप उचलून आत गेली. माझंच चुकत असेल तर? तरी तो स्क्रू डोळ्यांपुढून हलत नाही.

नाही म्हणालो. मेव्हण्याचा सौदा असा होता: हायवेला लागून असलेलं दुकान आणि मागची जागा त्याच्या नावावर करायची, बदल्यात मला त्या तिनांतलं समुद्राकाठचं एक घर, आणि वर रोख बारा लाख.