एकाच बाजूला सरकणारी कडी

सोमवार, १६ ऑक्टोबर १९७८

पोचलो एकदाचा. सेंट ओदीलला बस थांबली तेव्हा लख्ख ऊन होतं, बर्चची शेवटची पिवळी पानं रस्त्यावर लोळत होती आणि रस्तेखात्याचा मुकादम थेरियो स्वतः ट्रक घेऊन न्यायला आला होता. एकोणीस वर्षं कागदगिरणीत हाडं झिजवली, तिथे शेवटच्या दिवशी फाटकापर्यंत सोडायला कुत्रं आलं नाही. इथे मुकादमाने माझी पेटी उचलली. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

काम असं: गावच्या रस्त्यांखाली चौदा मोऱ्या आहेत. बीव्हर, म्हणजे पाण्यात बांध घालणारे कुत्र्याएवढे उंदीरच, त्यांत फांद्या न् चिखल कोंबतात, पाणी तुंबतं, रस्ता जातो. मागच्या वसंतात पिरो तळ्याजवळचा गेलाच. तेव्हा बीव्हर धरायचे आणि मोऱ्या वाहत्या ठेवायच्या. रोजची नोंद करायला थेरियोने मेणकागदी वही दिली आहे. अर्धी खात्याची, अर्धी माझी.

मुक्काम ओनेझीमकाकांच्या माडीवर. हे काम चाळीस वर्षं त्यांचंच होतं. एप्रिलमध्ये उजवा हात बीव्हर धरायच्या लोखंडी चापात सापडला, बर्फाच्या पाण्यात दोन तास राहिला, तीन बोटं काळी पडून गेली. खात्याने घरी बसवलं. आता माझ्यासारख्या नवख्याला त्यांनीच शिकवायचं, असं ठरलंय. म्हाताऱ्याच्या जिव्हारी लागलं असणार, पण त्याने डावा हात पुढे करून माझा हात नीट दाबला. त्याची बायको एग्झिल्दा म्हणाली, "ओळखी मग करा. बस पोरा, आधी खा." कोंबडीचा रस्सा, कुट्टूच्या पिठाचे गरम प्लॉय, आपल्या जाड धिरड्यांसारखे, आणि वर काकवी. माझ्या बायकोने घर सोडल्यापासून असं कोणी वाढलं नव्हतं.

गुरुवार, १९ ऑक्टोबर

दिवसभर अंगणात नुसते पायचाप. वीतभर रुंद जबडे, दोन्ही अंगांना लांब स्प्रिंगा, मध्ये तबकडी. काकांचे नियम पाठ करून घेतले. स्प्रिंगा हाताने नाही, पायांनी दाबायच्या. जबड्यांवरून बोट न्यायचं नाही, तबकडीला हात लावायचा तर खालून. जबडे उघडे धरणारी खिटी तबकडीच्या खाचेत बसली की एक पाय आधी सैल करायचा, मग दुसरा. पाण्यात उतरण्याआधी काठीने तळ चाचपायचा. आणि पाय सापडलाच तर ओढाताण करायची नाही, वाकून बाहेरच्या स्प्रिंगेला हात घालायचा.

मग तार दाखवली. तिचं एक टोक काठाला, दुसरं खोल पाण्यात दगडांच्या पोत्याला. चापाची साखळी त्या तारेवरच्या कडीला असते आणि कडी एकाच बाजूला सरकते, खोलाकडे. मागे येत नाही. जनावर सुटायला धडपडतं आणि प्रत्येक धडपड त्याला खाली नेते, असं काका म्हणाले. त्यांचा आवाज अगदी पावसापाण्याविषयी बोलावं तसा होता.

माझा चाप चारदा निसटला. एग्झिल्दा दारात बघत उभी होती. ती आली, दोन्ही टाचा ठेवल्या, वाकली आणि खिटी बसवून हात पुसत आत गेली. मी अजून पहिली स्प्रिंग दाबतोच आहे.

रविवार, २२ ऑक्टोबर

प्रार्थनेनंतर चर्चच्या पायऱ्यांवर थेरियोने गंमत सांगितली. ओनेझीमची बोटं गेल्यावर एग्झिल्दा म्हणे कचेरीत आली आणि म्हणाली, काम मला द्या. वीस वर्षं निम्मे चाप मीच लावतेय, फक्त चोपडीवर नाव त्यांचं. थेरियो तिला म्हणाला, "बाई, तुम्ही आपला केक भाजून पाठवा, तो बीव्हरला घालतो. खाऊन आपोआप मरतील!"

सगळे खो खो हसले. मीही हसलो. बऱ्याच दिवसांनी पोट धरून हसलो. मग पाहिलं तर ती दोन पायऱ्या खाली उभी होती, हातमोजे घालत. एक एक बोट नीट बसवत होती.

जेवणात रोजच्याइतकंच वाढलं. उलट जास्तच.

बुधवार, २५ ऑक्टोबर

पिरो तळ्यावर तीन बीव्हर. थेरियोने पाठ थोपटली. गिरणीतल्यांनी बघायला हवं होतं.

काका म्हणतात, चाप लावण्यात काही नाही, बघण्यात आहे. जनावर पाय कुठे टाकतं ते तीन दिवस बघायचं, चौथ्या दिवशी चाप. नको त्या वाटेने जात असेल तर तिथे एकदा भीती घालायची. मग ते आपल्याच पायांनी हव्या त्या वाटेला येतं. मला हसू आलं. गिरणीच्या साहेबांनी आम्हाला असंच तर वळवलं.

एग्झिल्दा रोज विचारते. कुठून उतरलास, डबा कुठे बसून खाल्लास, डावाच बूट का भिजतो. मी सगळं सांगतो. सोळा वर्षांच्या संसारात मला हे कोणी विचारलं नाही.

गुरुवार, २ नोव्हेंबर

पिरोवर माझे अकरा चाप. आज बारा निघाले.

मोठ्या दगडापाशी, जिथून मी रोज पाण्यात उतरतो, तिथे काठी टेकवली आणि खाड्. काठीचे दोन तुकडे. बीव्हर तिथे कधीच येत नाही, तिथे येतो फक्त मी. चापावर मालकाच्या नावाची पितळी पट्टी असते, ती कानशीने घासून काढलेली.

घरी येऊन चाप म्हाताऱ्यासमोर आदळला. त्याने तो उचलला, खिटी पाहिली, बराच वेळ पाहिली. मग म्हणाला की हा त्याच्या हातचा नाही. उरलेल्या दोन बोटांनी खिटी बसतच नाही. मी म्हणालो, दोन बोटांनी चमचा बरा धरता येतो. एग्झिल्दाने माझ्यापुढे प्लॉयची ताटली सरकवली.

शनिवार, ४ नोव्हेंबर

थेरियोकडे गेलो. म्हाताऱ्याचा जळफळाट होतोय, उद्या माझा पाय जाईल, असं सांगितलं. त्याने विचारलं, त्याला तळ्यावर पाहिलंस का? मी हो म्हणालो. पाहिलं नव्हतं. पण दुसरं कोण असणार?

दुपारी ट्रक आला. थेरियोने काकांचा परवाना घेतला, शेडमधले त्रेपन्न चाप ट्रकमध्ये फेकले. चाळीस वर्षांचे, तेल लावून टांगलेले. म्हातारा अंगणात डोकं उघडं टाकून उभा राहिला. एग्झिल्दा दोरीवरचे कपडे काढत होती. ती थांबलीसुद्धा नाही.

मंगळवार, ७ नोव्हेंबर

काका तीन दिवस चुलीकडे तोंड करून बसलेत. सकाळी ती कोंबड्यांकडे गेली तेव्हा जिना चढून माझ्या दारात आले, धापा टाकत. म्हणाले, "आल्सीद, निघून जा. आजच्या बसने जा. तळ्यावर जाऊ नकोस."

मी विचारलं, धमकी देता? तर नाही म्हणून मान हलवली आणि खालच्या दाराकडे पाहिलं. ती आत येत होती. ते कठड्याला धरून उतरले.

नोकरी सोडून जाऊ कुठे? एकोणचाळिसाव्या वर्षी बहिणीच्या दारात?

शुक्रवार, १० नोव्हेंबर

आणखी एक. डबा खायला बसतो त्या ओंडक्याच्या पुढे, पानांखाली. काठीने सापडला.

काकांचे सगळे चाप थेरियोकडे आहेत. काका सहा दिवस घराबाहेर पडलेले नाहीत. मी दोन्हीही जाणतो. मग—

चाप उचलून पाहिला. खिटी अगदी कडेवर टेकवलेली, केसाएवढी. मला येत नाही तशी. अशी मी एकदाच पाहिली आहे, अंगणात. आणि कोंबड्यांच्या खुराड्यात थेरियोने चाप शोधलेच नव्हते.

तिने आज विचारलं, ओंडक्यावर बसतोस ना अजून? मी म्हणालो, नाही, आता पलीकडून जातो, बीव्हरच्या बांधाच्या बाजूने. बोललो आणि जीभ चावली. ती म्हणाली, "हो, तिकडून बरं. तिकडे चिखल कमी."

थेरियोला काय सांगू? की म्हाताऱ्याला पाहिलं नव्हतं? की केकवाल्या बाईला भितो?

सोमवार, १३ नोव्हेंबर

दोन दिवस पाऊस. पिरोची मोरी तुंबली, रस्त्यावर घोटाभर पाणी. थेरियो चिडलाय. म्हणतो, उद्या बांध फोड, फटीत चाप लाव, नाहीतर बस पकड.

रात्री दाराला खुर्ची लावून झोपतो. उद्याचं काम करायचं आणि बुधवारी जायचं. ठरलं.

मंगळवार, १४ नोव्हेंबर

डाव्या हाताने लिहितोय. उजवा पाण्यात आहे.

सकाळी बांध फोडला. पाणी दीड फूट उतरलं. तीन वाजता चाप लावायला पलीकडून आलो. दगडाकडून नाही, ओंडक्याकडून नाही. वाटेत ताज्या फांद्या आडव्या पडल्या होत्या, सोललेल्या. बीव्हरच्या वाटल्या. त्या टाळून एकाच जागी पाऊल टाकता येत होतं. काठी टेकवली, तळ मऊ लागला. चाप काठीच्या दोन बोटं पलीकडे होता.

डावा पाय. ओढाताण केली नाही. शिकवल्याप्रमाणे वाकलो, बाहेरच्या स्प्रिंगेला हात घातला. दुसरा चाप तिथे होता, स्प्रिंगेला लागूनच. मनगटाच्या खाली. काहीतरी मोडलं, आवाज आला.

दोन्ही एकाच कडीला. एकदा झटका दिला. कडी हातभर खोलात सरकली. आता हलत नाही.

पहिले दोन चाप मला धरायला नव्हतेच. वळवायला होते.

वही बांधाच्या चिखलावर आहे. पाणी कोपराच्या वर.

—

ती आली. पांढरा एप्रन, रबरी बूट. काठावर उभी राहून बघत होती. माझ्याकडे नाही, पाण्यात. पाय कुठे धरलाय, हात कुठे, कडी कुठवर गेलीय. चाप लावणारा बघतो तसं.

मी रडलो. सगळं कबूल केलं. खोटं बोललो, काकांना पाहिलं नव्हतं, थेरियोला सांगतो, आत्ता सांगतो, हसलो त्याची माफी. ती ऐकत होती. म्हणाली, "अडतीस वर्षं मी त्यांना एकदाही असं डोकं उघडं उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं."

मी विचारलं की मग पहिला चाप त्याच्या आधी का? ती म्हणाली, "तो फक्त तू बसने जावंस म्हणून होता. तू थेरियोकडे गेलास."

तेवढ्यात वरच्या रस्त्याने ट्रक. रस्तेखात्याचाच, माणसं घरी चालली. मी ओरडलो, घसा फाटेपर्यंत ओरडलो. फुटलेल्या बांधाचं पाणी धो धो वाहतंय. त्यांना दिसलं ते रोजचंच, मी वाकून पाण्यात हात घातलेला. आणि ती काठावर, हात हलवतेय. थेरियोने भोंगा वाजवला. दोनदा, आनंदाने.

गेले.

ती जाताना म्हणाली, "सकाळी येईन. चाप रोज तपासावा लागतो, कायदाच आहे."

—

उजेड चाललाय. ती गेल्यावर पाण्यावर रेघ दिसली. मग दुसरी. नाकं. डोकी.

बांध फुटला की ते दुरुस्त करायला येतात. त्यासाठीच फोडला होता. माझे चाप अजून पिशवीतच आहेत. एकही लावलेला नाही.

ओरडलो. शेपटी आपटून बुडाले. परत आले.

आता पाच आहेत. छातीशी चिखल धरून आणतात, दोन्ही हातांनी, लहान मुलाला घ्यावं तसा. फटीत ठेवतात, थापतात. किती मन लावून. पाण्याचा आवाज कमी होतोय, पाणी चढतंय—

काखेपर्यंत.

ओनेझीमकाकांचे चाप परत द्या. त्यांनी काही—

ओरडलो तरी आता बुडत नाहीत. सवय झाली माझी. एक अगदी जवळून गेला, मिशा दिसल्या. वहीकडे पाहिलं. फांदी माझ्या खांद्यावर टेकवून—

पाण्याचा आवाज थांबला. बांध भरला—

हनुवटी वर धरली की अजून—

वही उंच ठेवतो, फांद्यांच्या वर, कोणी जर सका